पाळण्याची चौदा हजार पावलं

“आठशे एकेचाळीस… आठशे बेचाळीस… आठशे त्रे—”

ट्रिंग ट्रिंग ट्रिंग!

जयमालाने सायकलची घंटी अशी काही वाजवली, की रस्त्याच्या मधोमध चालणारा तो उंच तरुण दचकून थेट बाभळीच्या बुंध्याला जाऊन टेकला. त्याच्या मागून उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर धडधडत निघून गेला. धूळ खाली बसली, तेव्हा तो तिच्याकडे असा बघत होता, जणू तिने त्याच्या पुढ्यातलं भरलं ताट ओढून घेतलंय.

“गेलं!” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा गेलं!”

“काय गेलं?”

“आकडा. हजार पावलं मोजायचीत. पहिल्यांदा एक आजोबा भेटले, कुणाचा रं तू म्हणाले. दुसऱ्यांदा कुत्रं मागं लागलं. आणि आता तुम्ही.”

“म्हणजे माझा नंबर कुत्र्यानंतर?”

“नाही, नाही… म्हणजे तसं नाही…” त्याचे कान लाल झाले. थंडीने की आणखी कशाने, कोण जाणे.

“ट्रॅक्टरखाली गेला असतात, म्हणून घंटी वाजवली. उपकार राहू द्या बाजूला, निदान तोंड तरी हसरं ठेवा.”

तो हसला. आणि जयमालाच्या मनात उगीचच आलं, की याला आधीच हसायला सांगायला हवं होतं.

१९९७ सालचा जानेवारी होता. कारखान्याचा हंगाम जोरात होता, सोनईच्या हवेत मळीचा आंबूस वास भरून राहिलेला. जयमाला गावातल्या एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. बावीस वर्षांची पोर, पण सुई अशी टोचायची की समजायचंही नाही. गाव तिला ‘रक्तवाली मॅडम’ म्हणे. आज ती शिंगणापूरच्या एका आजीबाईंचं रक्त घेऊन परत येत होती.

त्या तरुणाने कमरेच्या पट्ट्याची एक डबी काढून तिच्या हातावर ठेवली. काडेपेटीएवढी. बारीक काचेत आकडे. तिने हलवली तर ‘टिक’ वाजलं आणि आकडा एकाने वाढला.

“पेडोमीटर. पाऊल टाकलं की मोजतं. आमच्या सरांनी जपानहून वीस मागवलेत. पण ते खरं मोजतं का, हे आधी आपण तोंडाने मोजून बघायला लागतं.”

“आणि मोजून करायचं काय?”

“ज्यांची साखर काठावर आलीय ना, त्यांना चालतं करायचं. औषध सुरू व्हायच्या आधीच. मी महेंद्र. घोडेगावचा. नगरला समाजकार्य शिकतोय.”

काठावर… जयमालाचा हात सायकलच्या मुठीवर घट्ट झाला.

दिवाळीनंतर तिने स्वतःच्या आईचं रक्त तपासलं होतं. उपाशीपोटी एकशे बावीस. डॉक्टर म्हणाले होते, अजून आजार नाही, पण दारात येऊन उभा आहे. चालायला लावा. जयमालाची आजी त्याच आजाराने गेली होती. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय… जयमाला तेव्हा आठवीत होती. आजीच्या पायाच्या ड्रेसिंगचा वास आजही कधी कधी तिला झोपेतून उठवायचा.

“चला,” ती सायकलवरून उतरली. “मैलाच्या दगडापासून पुन्हा सुरू करा. तुम्ही चाला, मी मोजते. कुणी आलं तर मी बोलेन त्याच्याशी.”

“मोजता मोजता बोलाल?”

“रोज चाळीस लोकांचं रक्त घेते मी. प्रत्येक जण ओरडत असतो. तरी आकडा चुकत नाही.”

ती मोजत गेली, तो चालत गेला. हजार पावलं झाली तेव्हा डबीत नऊशे सत्त्याण्णव होते. तीन पावलं डबीने खाल्ली होती.

“तेवढी माझ्या नावावर मांडा,” जयमाला म्हणाली आणि सायकलवर टांग मारून निघून गेली. तो बघत राहिला असेल, असं तिला वाटलं. वळून बघायचं मात्र तिने मोठ्या मुश्किलीने टाळलं.

आठवडाभरात बालवाडीच्या भिंतीवर एक भलीमोठी सापशिडी उमटली. महेंद्रने स्वतःच रंगवली होती. कोपरापर्यंत हिरवा, गालावर पिवळा. एक चौकोन म्हणजे हजार पावलं. गिरणीला दळण घेऊन पायी गेलं तर शिडी. घोडेगावच्या बाजाराला जीपने गेलं तर साप. पेढ्याचा साप सगळ्यांत लांब, आणि त्याला मिशाही काढल्या होत्या.

“सापाला मिशा?” जयमालाने विचारलं.

“आमच्या गावच्या पेढेवाल्याला आहेत.”

खेळायला वीस माणसं आली. बारा बाया, आठ बाप्ये. प्रत्येक बाईने आपली टिकली भिंतीवर चिकटवली, गड्यांनी खडूने खुणा केल्या. जयमाला रोज लॅब सुटल्यावर वही घेऊन जायची, आकडे उतरवायची, टिकल्या पुढे सरकवायची. महेंद्र गालिच्यावर बसल्यासारखा जमिनीवर मांडी घालून एकेकाला विचारायचा – पाय दुखतात का, चप्पल चावते का, झोप लागते का. खेळणाऱ्यांतल्या कारभारीबुवांना दम लागायचा म्हणून तो रोज पहाटे त्यांच्या मळ्यात जाऊन त्यांच्याबरोबर चालायचा, त्यांच्याच संथ चालीने. एकदाही पुढे नाही. जयमालाने हे पाहिलं आणि तिला वाटलं, शिकवणारी माणसं पुष्कळ पाहिली. सोबतीला मागे राहणारं माणूस हे पहिलंच.

“मॅडम,” तो एकदा म्हणाला, “या खेळात तुमची टिकली कुठंय?”

“मला कुठं साखर आहे?”

“बोलण्यावरून तर वाटते.”

“आणि तुमच्या बोलण्यावरून?”

“माझी आधी नव्हती. सोनईत आल्यापासून वाढलीय.”

जयमालाने वही तोंडासमोर धरली. वही उलटी होती, हे तिला नंतर कळलं.

या खेळात सगळ्यांत पुढे कोण असावं? तर जयमालाची आई भिमाबाई. रोज तेरा-चौदा हजार पावलं! तिच्या मागोमाग राहीबाई. महेंद्र तर भारावूनच गेला. “तुमच्या आईसारखी माणसं असली ना, तर अर्धे दवाखाने ओस पडतील,” तो म्हणायचा. त्याचे सर दोन रविवारांनी नगरहून बघायला येणार होते, आणि त्यांच्यासमोर भिमाबाईंचा सत्कार करायचं त्याने ठरवलं होतं. जयमालाला आईचा असा अभिमान वाटायचा, की रस्त्याने जाताना सायकल आपोआप वेगात पळायची.

मग एका दुपारी लॅबमधली मशीन बंद पडली आणि ती अवेळी घरी आली.

घर शांत होतं. शुभांगीवहिनी धुणं घेऊन गेलेली. ओसरीत आई भिंतीला टेकून मटकी निवडत बसली होती. तुळईला लुगड्याची झोळी, झोळीत वहिनीची सहा महिन्यांची छकुली, आणि आईच्या पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी. अंगठा हलला की झोळी हलायची. आणि झोळी हलली की—

टिक.

जयमाला पुढे झाली. छकुली मूठ गालाशी घेऊन, ओठ पुढे काढून, स्वप्नात दूध पीत होती. तिच्या डोक्यावर, झोळीच्या दोरीला, डबी बांधलेली. टिक. टिक. अकरा हजार दोनशे चार. अकरा हजार दोनशे पाच.

“आई!”

“हळू बोल की. आत्ता डोळा लागलाय तिचा.”

“आई, हे काय आहे?”

भिमाबाईने मटकीतला खडा बाजूला टाकला. मान वर केली नाही. “लई रडत हुती. झोका द्यायाच लागतो. म्हनलं, तेवढीच पावलं हुत्याल.”

“पावलं तुझी मोजायची होती! छकुलीला चालवून तुझी साखर कमी होणारे का?”

“तुझा आवाज चढतोय, जया.”

“आजीचा पाय विसरलीस तू?”

आता मात्र भिमाबाईने वर पाहिलं. डोळे भरलेले होते. “मी विसरंन व्हय? माजी आई हुती ती.” तिने मटकीचं सूप बाजूला सारलं. “पैल्या दिवशी गेल्ते मी चालाया. येशीपर्यंत जाईस्तवर सात जनांनी इचारलं, कुठं निगाल्या भिमाबाई? काय सांगू? हातात पिशवी न्हाई, डोक्यावर पाटी न्हाई. बिनकामाची बाई रस्त्यानं फिरती म्हनत्याल. आन् खरं सांगावं, की मला शुगरचं भ्याव हाय म्हून फिरते, तर…”

“तर काय?”

“घरात लग्नाची पोरगी हाय. तुजाच डाक्टर बोल्ला, आईची शुगर लेकीला येती. एकदा गावात झालं, की भिमीच्या घरान्यात शुगर हाय… तुला कोन करंल गं?”

टिक, डबी म्हणाली. छकुलीने उसासा टाकला.

जयमाला खाली बसली. तिला वाटलं होतं आई आळस करतेय. आई तर तिचं लग्न राखत बसली होती… स्वतःचा पाय पणाला लावून. तिने आईचं पाऊल मांडीवर ओढून घेतलं, अंगठ्याची दोरी सोडवली, आणि कितीतरी वेळ ते भेगाळलेलं पाऊल तशीच धरून राहिली.

आता महेंद्रला सांगणं आलं.

त्या संध्याकाळी बालवाडीसमोर ती उभी राहिली. त्याच्या रिपोर्टची पहिली चार पानं भिमाबाईंवरच लिहिली होती. सांगितलं तर त्याचं सगळं काम फुकट. वर आईची नाचक्की. आणि तो… त्याच्या डोळ्यांतलं ते कौतुक विझलं तर?

पण न सांगावं, तर आईचा पाय.

तिने सांगून टाकलं. झोळी, दोरी, मटकी – सगळं. लेकीला येणाऱ्या शुगरचंही. ते सांगताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

महेंद्र आधी हसला. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “चौदा हजार! म्हणजे छकुलीचा सत्कार करायला पाहिजे!” मग त्याची नजर भिंतीवरच्या टिकल्यांवर गेली.

“राहीबाईंचे बारा हजार?” त्याने हळूच विचारलं.

“शेळीच्या गळ्यात. आज दुपारीच जाऊन बघून आले.”

“आणि…”

“बारापैकी नऊ जणी. कुणी रवीला बांधलंय, कुणी नातवाच्या करगोट्याला.”

तो पायरीवर बसला. जयमालाला वाटलं, आता चिडेल. बायांना नावं ठेवेल. तिने मनाची तयारी केली.

“माझी चूक आहे,” तो म्हणाला. “पावलं मोजली, अंतर मोजलं, रक्तातली साखर मोजली. पण माझ्या आईला कधी बिनकामाची रस्त्याने चालताना पाहिलंय का मी? नाही पाहिलं. मग हे सुचलं कसं नाही मला?” त्याने रिपोर्टची पानं काढली, चारही, आणि मधोमध रेघ मारली. “सरांना मीच सांगतो. जे आहे ते.”

“ते रागावतील.”

“रागावू देत. खोट्या आकड्यावर तुमच्या आईला निजवून ठेवू का?”

जयमाला त्याच्याकडे बघत राहिली. इतका उमदा माणूस, आणि गालाला अजून जरासा पिवळा रंग. तिला तो रंग पुसावासा वाटला. हात उचललाही गेला… पण वाटेत केसांवरून फिरून परत आला.

“मला एक सुचलंय,” ती म्हणाली. “त्यांना चालायला काम द्या.”

“कसलं काम?”

“निरोपाचं. बाई निरोप घेऊन निघाली ना, तर तिला कुणी अडवत नाही. कुठं निघाल्या? निरोप आहे. झालं, पुढं कुणी विचारत नाही. आपण एका डब्यात चिठ्ठ्या ठेवू. रोज एक उचलायची. लांबच्या वस्तीवरच्या कुणाला तरी द्यायची, उत्तर घेऊन यायचं. पायी.”

महेंद्र उठून उभा राहिला. पुन्हा बसला. पुन्हा उठला.

“जयमाला,” तो म्हणाला. पहिल्यांदाच. मॅडम वगैरे काही नाही.

“काय?”

“काही नाही. नुसतंच म्हणून बघितलं.”

सर आले, त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला. तीन महिन्यांची मुदत त्यांनी पाच महिन्यांची करून दिली. जाताना शेळीचे आकडे मात्र त्यांनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतले.

आणि सोनईत निरोपांचं पीक आलं! ‘मळ्यातल्या केशरबाईंना विचारा, शेवग्याच्या शेंगा लागल्या का?’ ‘लागल्यात, पण देणार नाही म्हणावं.’ ‘का देत नाही विचारा.’ ‘मागच्या वर्षीचं पातेलं परत द्या, मग बोलू.’ त्या एका पातेल्यापायी सहा बायांनी आठवडाभर रोज तासभर पायपीट केली. भिमाबाईला तर नादच लागला. पहाटे निघायची, परतताना आणखी दोन निरोप घेऊन यायची. कुठल्या सुनेला डोहाळे लागले, कुणाची म्हैस व्याली – सगळी खबर तिच्याकडे. महिनाभराने कारभारीबुवांनी तिला वाटेत हाक मारली, “वैनी, जरा हळू, मी पन येतो!” ती थांबली नाही म्हणतात. पुढे पुढे कुणी विचारलं तर ती सरळ सांगायला लागली, “शुगरला मागं टाकाया निगाले. येता का?”

मे महिना सरत आला. महेंद्रची मुदतही.

शेवटच्या तपासणीचा दिवस. वीस जणांचं रक्त जयमालानेच घेतलं. आईची बाटली तिने मुद्दाम शेवटी ठेवली. यंत्राचा काटा हलला, थांबला. तिने पुन्हा एकदा तपासलं. मग आणखी एकदा.

महेंद्र दारात उभा होता. “किती?”

“शंभराच्या खाली,” ती म्हणाली. “अठ्ठ्याण्णव.” आणि रोज चाळीस लोकांचे आकडे न चुकवणाऱ्या तिने तो आकडा वहीत राहीबाईंच्या नावापुढे लिहिला. त्याने पुढे होऊन तिचा लिहिता हात धरला. कापूस, स्पिरिटचा वास, खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप… बाहेर कुणाची तरी सायकल वाजत गेली. त्याने हात सोडला नाही. तिने काढून घेतला नाही.

“उद्या मी जातोय,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“तुझ्या आईने त्या दिवशी जे म्हटलं होतं ना… लेकीला येते म्हणून. ते तू मला सांगितलंस, तेव्हा माझ्याकडे बघितलं नव्हतंस.”

“खरं आहे ते. येऊ शकते मला. उद्या, दहा वर्षांनी… मी रक्तच तपासते, मला फसवता येत नाही स्वतःला.”

“मग रोज चालावं लागेल तुला. जन्मभर.”

“लागेल.”

“एकटीला कंटाळा येईल.”

जयमालाने मान वर केली. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, आणि आज तर थंडी मुळीच नव्हती.

“आईला सोडून मी घोडेगावला कशी येऊ?” ती पुटपुटली. “तिला रोज कोण उठवेल? कोण मागे लागेल?”

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने गेला, आणि जयमालाने दिवसभर लॅबमधल्या काचपट्ट्या धुतल्या… आधीच स्वच्छ असलेल्या.

त्या रात्री जेवताना लेकीने भाकरीचा एकच तुकडा चार वेळा मोडला, तर ते कुठल्या आईला कळत नाही?

पुढच्या रविवारी जयमालाला जाग आली तेव्हा उजाडत होतं, आणि आई अंगणात इरकली नेसून, पायात वडिलांचे कॅनव्हासचे बूट घालून तयार उभी होती. शेजारी राहीबाई, हातात नारळ.

“कुठं निघालात?”

“घोडेगावला. मास्तराच्या पोराला बघाया.”

“कुठल्या मास्तराच्या?”

“महेंदरच्या बापाला काय म्हनत्यात मग? मास्तरच की.” भिमाबाई पदर खोचत म्हणाली. “तुजे वडील येत्याल मागनं येश्टीनं. आमी पायी चाललो. आन् तू असं तोंड करून बसू नको. झोपंत बडबडत हुतीस, मला उठवाया कोन यील म्हनं! मी तुला उठवलंय आज, तू मला न्हाई.”

“आई, दोन-अडीच तासांची वाट आहे!”

“मग काय झालं? लेकीच्या घरचा रस्ता पायाखालचा नको का? आठ दिवसांनी बघाया यायचं म्हनलं तर येता आलं पायजे मला.”

जयमालाला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच समजेना. तिने चपला चढवल्या आणि त्यांच्या मागे निघाली. मुलीने असं जायचं नसतं, राहीबाई म्हणाल्या. “नसंल जायाचं,” भिमाबाई म्हणाली, “पन तिला चालाया सांगितलंय डाक्टरनं.”

घोडेगाव अर्ध्या तासावर राहिलं, तेव्हा समोरून एक उंच माणूस लगबगीने येताना दिसला. त्याच्या वडिलांकडे आदल्या दिवशीच सांगावा पोचला होता म्हणे. महेंद्र भिमाबाईच्या पाया पडला.

“आई, दमला असाल. जीप आणू का?”

“जीप?” भिमाबाईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “जावाई चांगला हाय गं, राहे. पन याला चालायचं वळन लावाया लागंल.”

आणि ती निघालीसुद्धा. इरकलीचा काठ हलतोय, कॅनव्हासचे बूट धुळीत ठसे उमटवतायत, मागे वळून बघणं नाही. राहीबाई नारळ सावरत तिच्यामागे पळतेय.

महेंद्र आणि जयमाला शेजारी शेजारी चालू लागले. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, वर टिटवी ओरडतेय. थोड्या वेळाने त्याचा हात तिच्या हाताला लागला. मग तिथेच राहिला.

“गाठायचं का त्यांना?” तिने विचारलं.

महेंद्रने पुढे पाहिलं. भिमाबाई आता वळणावर पोचली होती. एवढीशी, ताठ, उन्हात चमकणारी.

“जमेलसं वाटत नाही,” तो म्हणाला. “आपण आपले येऊ मागनं.”